वाटेवरचं फुफ्फुस

उंदराच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बांधली की त्याला हार्ट अटॅक येतो. अशा उंदरांच्या शिरेत माणसाच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मूलपेशी सोडायच्या आणि काही आठवड्यांनी हृदय उघडून पाहायचं, असा प्रयोग डार्विन प्रॉकॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. प्रॉकॉप तेव्हा टेक्सासमधल्या टेंपल गावी होते. निष्कर्ष २००९ च्या जुलैमध्ये ‘सेल स्टेम सेल’ या नियतकालिकात छापून आले. मूलपेशी मिळालेल्या उंदरांच्या हृदयावरचा व्रण लहान होता आणि हृदय बऱ्यापैकी काम करत होतं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पण त्या हृदयांत माणसाच्या पेशी शोधायला गेल्यावर जवळजवळ काहीच हाती लागेना.

पेशी फुफ्फुसात होत्या. शिरेतून निघून उजव्या हृदयात आणि तिथून फुफ्फुसात, एवढाच त्यांचा प्रवास झाला. बहुतेक तिथेच अडकल्या आणि थोड्या दिवसांत मेल्या. मग हृदय सुधारलं कशानं? अडकलेल्या पेशी डिवचल्या जाऊन टीएसजी-६ नावाचं, दाह शमवणारं एक प्रथिन सोडत होत्या, आणि ते रक्तातून हृदयापर्यंत पोचत होतं. याच पेशींमधलं टीएसजी-६ बंद पाडून त्या सोडल्या तेव्हा गुण आला नाही. उलट पेशी न देता नुसतं प्रथिन दिलं तरी फरक पडला.

या निबंधाआधीची जवळपास दहा वर्षं मूलपेशींवाल्या हृदयरोगतज्ज्ञांनी फुफ्फुसाला वाटेतला अडथळा मानलं होतं. तो चुकवायचा कसा, यावर डोकं चालवलं जात होतं. वैद्यकाच्या इतिहासात फुफ्फुसाला अशी वागणूक मिळण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

दुसऱ्या शतकातल्या गेलेनचा समज असा की हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून पाझरून डाव्या कप्प्यात जातं. फुफ्फुसाकडे काम होतं ते मुख्यतः हवा पुरवण्याचं आणि हृदयाची उष्णता शमवण्याचं. हा समज हजार वर्षांहून अधिक टिकला. १२४२ च्या सुमारास कैरोमध्ये, तिशीच्या उंबरठ्यावरच्या इब्न अल-नफीस या वैद्यानं इब्न सीनाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना स्वच्छ सांगितलं की पडदा घट्ट आहे, त्यात छिद्रं नाहीत. डावीकडे जायचं तर रक्ताला फुफ्फुसातूनच जावं लागेल, तिथे हवेत मिसळावं लागेल. हे लिखाण पुढे विस्मरणात गेलं. १९२४ साली जर्मनीत शिकणाऱ्या अल्-ततावी या इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचं हस्तलिखित सापडलं, तेव्हा युरोपला कळलं की आपल्याआधी तीनशे वर्षं हे कुणीतरी लिहून ठेवलंय.

दरम्यान युरोपात हीच गोष्ट मिगेल सर्व्हेटस यानं धर्मशास्त्राच्या पुस्तकात मांडली. १५५३ साली जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं, अर्थात फुफ्फुसांच्या कारणानं नव्हे, पाखंडाच्या. १५५९ मध्ये रेआल्दो कोलोम्बोनं ती शरीरशास्त्राच्या ग्रंथात घातली. १६२८ साली विल्यम हार्वेनं संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध केलं. धमनीतलं रक्त शिरेत नेमकं जातं कुठून, हे मात्र त्याला दिसलं नव्हतं. ते दिसलं १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी यांना, सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तेही बेडकाच्या फुफ्फुसात. केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं, धमनी आणि शीर यांना जोडणारं. हार्वे चार वर्षांपूर्वीच वारला होता.

माल्पिघी यांनी पाहिलेल्या त्या केशवाहिन्यांची मापं पुढच्या साऱ्या गोष्टीला लागणार आहेत. माणसाच्या फुफ्फुसातल्या केशवाहिनीची रुंदी सात ते दहा मायक्रॉन, म्हणजे जेमतेम तांबड्या पेशीएवढी. तांबड्या पेशी अंग चोरून एकामागून एक पुढे सरकतात. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत काही ठिकाणी एका मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच जाड. इतकी पातळ भिंत प्राणवायूसाठी सोयीची, पण दाब वाढला तर धोक्याची. सॅन डिएगोचे जॉन वेस्ट यांनी १९९०च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवलं की केशवाहिन्यांतला दाब फार चढला तर ही भिंत अक्षरशः फाटते.

दाब चढतो कशानं? त्याचं सर्वांत नेहमीचं कारण डाव्या हृदयात असतं.

आपल्याकडे घरोघरी या आजाराची भाषा ठरलेली आहे. ‘हार्ट मोठं झालंय’, ‘फुफ्फुसात पाणी झालं’, ‘आडवं पडलं की दम लागतो’. डॉक्टरही केसपेपरवर लिहून घेतात, रुग्ण किती उशा घेऊन झोपतो ते. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या की डावा कप्पा मागे पडत चाललाय हे समजायला यंत्र लागत नाही. कमकुवत झालेला डावा कप्पा आलेलं रक्त पुरतं पुढे ढकलू शकत नाही. ते मागे तुंबतं. आधी डाव्या आलिंदात, मग फुफ्फुसाच्या शिरांत, मग केशवाहिन्यांत. आणि पाणी झिरपून वायुकोशांत उतरतं. लंडनच्या जेम्स होप यांनी १८३२ च्या आपल्या ग्रंथात हे ‘मागे तुंबणं’ नीट मांडलं. दम्यासारखा दिसणारा पण हृदयातून उठणारा दमही त्यांनी वर्णन केला. त्या शतकात शवविच्छेदन करणाऱ्यांना अशा रुग्णांची फुफ्फुसं तपकिरी, जड आणि कडक लागत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत लोहाच्या रंगद्रव्यानं भरलेल्या फुगीर पेशी दिसत. गळलेल्या तांबड्या पेशी गिळून बसलेल्या या भक्षक पेशींना जर्मन डॉक्टरांनी सरळ ‘हृदयदोष-पेशी’ असंच नाव दिलं. राहायला फुफ्फुसात, नाव हृदयाचं.

१८७८ साली ब्रेस्लाऊ इथे यूलिउस कोनहाइम यांच्या प्रयोगशाळेत विल्यम वेल्च हा तरुण अमेरिकन डॉक्टर फुफ्फुसात पाणी कसं होतं ते शोधत होता. रक्तवाहिन्या बांधून पाहिल्या, पण दाद लागेना. शेवटी त्यानं सशाची छाती उघडून धडधडत्या हृदयाचा फक्त डावा कप्पा बोटांत धरून चेपला. डावा लुळा पडला, उजवा मात्र पूर्वीच्याच जोमानं रक्त पाठवत राहिला, आणि डोळ्यांसमोर फुफ्फुसं भरत गेली. दोन्ही कप्पे एकत्र दुबळे झाले असते तर हे झालं नसतं. पाणी होतं ते दोघांच्या बळातल्या फरकामुळे. वेल्च पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयाचा पहिला डीन झाला आणि अमेरिकन वैद्यकाचा मोठा कारभारी म्हणून ओळखला गेला. ब्रेस्लाऊच्या या सशांचा उल्लेख त्याच्या चरित्रांत एखाद्या परिच्छेदापुरता येतो.

या सगळ्यात फुफ्फुस बिचारं सोसणारं. हृदय बिघडतं, फुफ्फुस भरतं. ते स्वतःही काही करतं, हे कळायला हृदयात नळी घालण्याची सोय व्हावी लागली.

तीही गोष्ट थोडी आडवाटेनं घडली. १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या पंचवीस वर्षांच्या शिकाऊ सर्जननं परिचारिकेला विश्वासात घेतलं, प्रयोग तुझ्यावरच करतो असं भासवून तिला टेबलाला बांधलं आणि नळी स्वतःच्याच दंडाच्या शिरेत घातली. पासष्ट सेंटिमीटर आत. मग तशीच नळी घेऊन तो पायऱ्या उतरून क्ष-किरण विभागात गेला आणि टोक उजव्या हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. वरिष्ठांनी त्याला फारसं उचलून धरलं नाही. तो मूत्ररोगतज्ज्ञ झाला. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी ती नळी खऱ्या अर्थानं वापरात आणली. हे दोघं मुळात फुफ्फुसाचे अभ्यासक. फुफ्फुसात शिरणाऱ्या रक्तात प्राणवायू किती आहे हे मोजायला त्यांना उजव्या हृदयातलं रक्त हवं होतं. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. १९७० मध्ये हॅरल्ड स्वान आणि विल्यम गँझ यांनी नळीच्या टोकाला छोटा फुगा लावला, म्हणजे ती रक्ताच्या ओघाबरोबर आपसूक फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन रुतते. ही कल्पना सांता मोनिकाच्या समुद्रात शिडाच्या होड्या पाहताना सुचली, असं स्वान सांगत.

नळीनं दाब मोजता येऊ लागल्यावर लंडनचे पॉल वुड यांना एक गोष्ट खटकली. हृदयाची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत फुफ्फुसातला दाब सगळ्यांचा सारखा वाढत नव्हता. काहींच्या बाबतीत तो हृदयाकडून मागे तुंबलेल्या दाबाच्या कितीतरी पट जास्त असे. म्हणजे फुफ्फुसाच्या धमन्या आपणहून आवळत होत्या. वर्षानुवर्षं तसं झालं की त्यांच्या भिंती जाड होत. यात एक विचित्र हिशोब असतो. आवळलेल्या धमन्या केशवाहिन्यांकडे जाणारा लोंढा अडवतात, त्यामुळे पाणी कमी होतं. पण तो सगळा भार उजव्या कप्प्यावर पडतो आणि तोही थकतो. हा प्रतिरोध आजही ज्या एककात मोजतात त्याचं नाव ‘वुड युनिट’.

भारतातल्या डॉक्टरांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. दाटीवाटीच्या वस्त्यांत लहानपणी सांधेतापानं झडपा खराब झालेली मुलं त्यांच्यासमोरच होती. दिल्लीच्या एम्समधून सुजय रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की पाश्चात्त्य देशांत तिशी-चाळिशीत दिसणारं झडपेचं अरुंद होणं इथे विशीच्या आतच दिसतं, आणि त्याबरोबर फुफ्फुसातला दाबही जबर असतो.

मुंबईत परळच्या केईएममध्ये तेव्हा डॉ. प्रफुल्लकुमार सेन होते. शस्त्रक्रियेतलं अचाट डोकं. सापाच्या हृदयाच्या भिंतीला आतल्या पोकळीतूनच थेट रक्त मिळतं, हे पाहून माणसाच्या उपाशी हृदयस्नायूलाही सुईनं बारीक छिद्रं पाडून असंच पोसता येईल, अशी कल्पना त्यांनी काढली आणि १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत हेच काम लेझरनं होऊ लागलं. छिद्रं काही काळानं बुजतात हेही मग कळलं, तरी काही रुग्ण बरं वाटतं म्हणत राहिले. मूलपेशींच्या बाबतीत पुढे जे घडलं त्याची ही मुंबईतली रंगीत तालीम म्हणायला हरकत नाही. उपाय एका कारणासाठी योजलेला, आणि गुण आलाच तर भलत्याच कारणानं.

ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. सेन यांनी अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, केईएममध्ये. रुग्ण काही तासच जगला. त्या पहिल्या वर्षांत जगभर बहुतेक रुग्ण फार काळ जगत नव्हते, आणि त्या अनुभवातून एक नियम पक्का झाला. नवं हृदय निरोगी असतं, पण ते आजवर निरोगी फुफ्फुसातच रक्त पाठवत आलेलं असतं. आवळलेल्या, जाड झालेल्या धमन्यांसमोर त्याचा उजवा कप्पा काही तासांत हात टेकू शकतो. म्हणून आजही प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याआधी फुफ्फुसातला प्रतिरोध मोजतात, आणि तो औषधांनी उतरत नसेल तर नुसतं हृदय बदलून भागत नाही. १९८१ साली स्टॅनफर्डमध्ये ब्रूस राइट्‌झ यांनी हृदय आणि फुफ्फुसं एकत्र बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली.

इतका इतिहास पाठीशी असताना मूलपेशींचं पर्व सुरू झालं, आणि फुफ्फुस पुन्हा चित्राबाहेर गेलं.

मूलपेशींचा शोध रक्तातला. १९६१ मध्ये टोरोंटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक यांनी किरणोत्सर्गानं अस्थिमज्जा मारलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा दिली, तर त्यांच्या प्लीहेवर छोट्या गाठी उठल्या. प्रत्येक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली. मॉस्कोत अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन यांना मज्जेत वेगळ्याच पेशी सापडल्या. बाकीच्या तरंगत असताना या काचपात्राच्या तळाला चिकटून वाढत आणि त्यांच्यापासून हाड तयार होई. प्रॉकॉप यांनी वापरल्या त्या याच वंशातल्या.

हृदयाकडे हा मोर्चा वळला तो २००० नंतर, आणि भलत्याच वेगानं. जून २००० मध्ये पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या स्नायूतल्या पेशी वाढवून त्याच्या हृदयात टोचल्या. मार्च २००१ मध्ये ड्युसेलडॉर्फला बोडो श्ट्राउअर यांनी हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाच्या स्वतःच्या मज्जेतल्या पेशी त्याच्या हृदयधमनीत सोडल्या. पुढच्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये डोनाल्ड ऑर्लिक आणि पिएरो अँव्हर्सा यांचा तो गाजलेला निबंध आला. उंदराच्या मेलेल्या हृदयस्नायूत मज्जेच्या पेशी टोचल्या, नऊ दिवसांत त्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूनं भरून निघाला, असा त्यांचा दावा. नऊ दिवसांत! माणसांवरचे प्रयोग युरोपभर सुरू झाले. उंदरांवरचा दावा दुसऱ्या कुणी पडताळून पाहावा, एवढीही कुणाला सवड नव्हती.

पडताळणी झाली ती २००४ मध्ये. सिॲटल आणि स्टॅनफर्ड इथल्या दोन गटांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि ‘नेचर’मध्येच कळवलं की मज्जेच्या पेशी रक्ताच्याच राहतात, हृदयस्नायू होत नाहीत. २००६ मध्ये एकाच अंकात आलेल्या तीन युरोपीय चाचण्यांनी थोडं अधिक, थोडं उणं असं उत्तर दिलं. अँव्हर्सांचं प्रकरण आणखी पुढे गेलं. २०१७ मध्ये त्यांच्या बॉस्टनच्या रुग्णालयानं अमेरिकन सरकारला एक कोटी डॉलर भरून तडजोड केली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या रुग्णालयानं आणि हार्वर्डनं मिळून त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले ३१ निबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. मधल्या सतरा वर्षांत या दाव्याच्या भरवशावर किती अनुदानं, किती पीएच.ड्या आणि किती रुग्ण गेले, ते मोजणं अवघड आहे.

या धामधुमीत शिरेतून पेशी देण्याची वाट गरिबाघरची होती. हृदयधमनीत नळी घालायला कॅथलॅब लागते, स्नायूत टोचायला शस्त्रक्रिया. शिरेतून द्यायला सलाइनचा स्टँड आणि परिचारिका पुरे. पण काचपात्रात वाढवलेली मूलपेशी पंधरा-वीस मायक्रॉनची किंवा त्याहून मोठी, आणि माल्पिघी यांच्या केशवाहिन्या तिच्या निम्म्या. फुफ्फुस गाळणीसारखं वागतं आणि पहिल्याच फेरीत बहुतेक पेशी धरून ठेवतं. २००३ मध्ये इस्रायली संशोधकांनी किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी हार्ट अटॅक आलेल्या उंदीरघुशींना शिरेतून दिल्या. कॅमेऱ्यात फुफ्फुसं उजळली, हृदय जवळजवळ काळंच राहिलं. नंतरच्या निबंधांच्या शीर्षकांतच ‘फुफ्फुसाचा अडसर’ असे शब्द दिसू लागले. रक्तवाहिन्या रुंदावणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड आधी देऊन पाहिलं, थोडा फरक पडला.

प्रॉकॉप यांचा निबंध आला तो या अडसराच्या चर्चेतच. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मायामीचे जोशुआ हेअर यांनी माणसांवरच्या एका चाचणीचे निकाल दिले. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले ५३ रुग्ण, काहींना दुसऱ्या व्यक्तीच्या मज्जेतून वाढवलेल्या मूलपेशी शिरेतून, काहींना नुसतं द्रावण. चाचणी सुरक्षिततेची होती. पेशी फुफ्फुसात अडकतात हे ठाऊक असल्यानं काही इजा तर होत नाही ना, हे पाहायला रुग्णांना नळीत फुंकर मारायला लावत होते. एका सेकंदात किती हवा बाहेर टाकता येते, त्याची नोंद. इजा झाली नाही. उलट मूलपेशी मिळालेल्यांची फुंकर सुधारली होती, आणि तो फरक योगायोगाचा वाटण्याजोगा नव्हता.

हृदयाच्या उपचारानं फुफ्फुस का सुधारावं? याचं एक उत्तर माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटमधल्या जोसलिन ड्युपुई यांच्या कामात आधीच पडून होतं. हार्ट अटॅक आणलेल्या उंदीरघुशींची फुफ्फुसं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पाणी उतरल्यावरही ती पूर्ववत होत नव्हती. वायुकोशांच्या भिंतींत मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या, अर्ध्या स्नायूसारख्या आणि अर्ध्या तंतू विणणाऱ्या पेशींची गर्दी झाली होती, कोलॅजन साचलं होतं, फुफ्फुस ताठर झालं होतं. हा सगळा बदल दाह आणि संप्रेरकांच्या जोरावर चालतो. ड्युपुई यांच्या गटानं २००३ मध्ये दाखवलं की रक्तदाबासाठी नेहमी वापरलं जाणारं इर्बेसार्टन दिलं तर उंदीरघुशींत हा बदल आणि फुफ्फुसातला वाढीव दाब पूर्ण मागे फिरतो. म्हणजे हृदय दुखावल्यावर फुफ्फुसात होणारी पुनर्रचना कायमची ठरलेली नसते. दाह शमवणारं आणि तंतूंची वाढ आवरणारं काहीतरी तिथेच, जागेवर, सोडलं जात असेल तर ती आटोक्यात यावी हे समजण्यासारखं आहे. अडकलेल्या मूलपेशी नेमकं तेच करतात, असा तर्क आता बांधता येत होता.

तर्क ताणला गेला तो दुसऱ्या दिशेनं. फुंकर सुधारली ना, मग धुरानं झिजलेल्या फुफ्फुसांना द्या, असं म्हणून हेअर यांच्या चाचणीतल्याच पेशी सीओपीडीच्या ६२ रुग्णांना चार वेळा दिल्या. २०१३ मध्ये निकाल आला. सुरक्षित, रक्तातली दाहाची खूण काहींत उतरली, पण श्वासात फरक नाही. हे निराशाजनक खरं, तरी थोडं अपेक्षितही म्हणायला हवं. धुरानं वायुकोशांच्या भिंती विरून जातात. हृदयामुळे त्या जाड होतात. एका ठिकाणी बांधायचं आहे, दुसऱ्या ठिकाणी फक्त आवरायचं आहे, आणि अडकून चार दिवसांत मरणाऱ्या पेशीकडून बांधकामाची अपेक्षा करणं फार झालं.

पेशी हृदयस्नायू होत नाहीत, त्या दाहाशी काहीतरी खेळ करतात, हे मग हृदयातही दिसलं. सिनसिनाटीचे जेफ्री मॉल्केन्टिन यांच्या गटाचा निबंध २०२० मध्ये ‘नेचर’च्या अंकात छापला गेला. उंदरांच्या हृदयात त्यांनी जिवंत मूलपेशी टोचल्या, गोठवून मारलेल्या टोचल्या, आणि पेशीच नसलेलं झायमोसान, म्हणजे यीस्टच्या कवचातला पदार्थही टोचला. तिन्हींनी हृदय सारखंच सुधारलं, कारण तिन्हींनी भक्षक पेशींना त्या जागी बोलावलं आणि व्रणाची बांधणी बदलली. एकोणिसाव्या शतकातल्या ‘हृदयदोष-पेशी’ याच भक्षक कुळातल्या. २०२३ मध्ये हृदय दुबळं झालेल्या ५३७ रुग्णांवरच्या ड्रीम-एचएफ चाचणीत मूलपेशी थेट हृदयाच्या भिंतीत टोचल्या होत्या. रुग्णालयात पुन्हा दाखल व्हावं लागणं काही कमी झालं नाही. हार्ट अटॅक आणि पक्षाघात मात्र कमी झाले, आणि ते विशेषतः रक्तात दाहाची खूण वर असलेल्यांत.

माणसांवरच्या हृदयचाचण्यांमध्ये फुफ्फुसाची मोजणी मुख्य उद्दिष्ट म्हणून आजही क्वचितच असते. मोजतात ते हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते. हेअर यांच्या चाचणीत फुंकर मोजली गेली ती भीतीपोटी. दम लागणं ही रुग्णाची पहिली तक्रार असताना असं व्हावं, हे या क्षेत्राला फारसं शोभत नाही.

भारतात एम्सनं ताणून मोठ्या झालेल्या हृदयाच्या रुग्णांवर, त्यांच्याच मज्जेतल्या पेशी वापरून, नियमाप्रमाणे चाचणी केली आणि २००६ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. त्याबाहेरचा बाजार वेगळाच. मधुमेहापासून हृदयापर्यंत सगळ्यावर मूलपेशी, अशा जाहिराती शहराशहरांत दिसू लागल्या तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २००७, २०१३ आणि २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि दर खेपेला ती अधिक कडक केली. २०१७ च्या तत्त्वांनुसार मूलपेशींचं रूढ उपचार म्हणून स्थान फक्त रक्ताच्या आणि त्याच्याशी निगडित ठरावीक आजारांमधल्या मज्जा-प्रत्यारोपणाला आहे. हृदय आणि फुफ्फुस दोन्ही त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी मूलपेशी द्यायच्या तर नोंदणी केलेल्या, नीतिसमितीनं मंजूर केलेल्या चाचणीतच, आणि चाचणीत आलेल्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत.